गाडीत अडकलेला नरसिंह

"दाब ना," चंदना कुजबुजली.

"तूच दाब," भावेश म्हणाला.

"माझा हात पोचत नाय. तुझे हात माकडासारखे लांब हायत."

एवढं ऐकून घेतल्यावर माघार घेणं भावेशला शक्यच नव्हतं. त्याने गाडीच्या उघड्या खिडकीतून कंबरेपर्यंत अंग आत घातलं आणि स्टिअरिंगच्या मधोमध तळवा ठेवून जोर दिला.

पॅंऽऽऽ!

जव्हारजवळच्या शिरपामाळावर चरणाऱ्या शेळ्या चौखूर उधळल्या. तिथल्या स्मारकापाशी ऐटीत उभे राहून फोटो काढून घेणारे तुळशीदासमामा जागच्या जागी उडाले, आणि समोर कॅमेरा धरून बसलेल्या हर्षदाने नेमकं त्याच क्षणी बटण दाबलं. त्या फोटोत मामांचं तोंड आ वासलेलं आहे आणि टोपी हवेत आहे. तो फोटो अजून त्यांच्या घरात जपून ठेवलेला आहे, पण मामा पाहुण्यांना दाखवू देत नाहीत.

"कोण आहे रे तो?" मामा ओरडत आले. त्यांनी खिसा चाचपला. "चावी तर माझ्या खिशात आहे! भावेश, गाडीतल्या एकाही बटणाला हात लावायचा नाही. एकाही! हे काय बैलगाडीचं जू आहे का, कोणीही यावं आणि हात लावावा?"

"नाही मामा," भावेश पडेल चेहऱ्याने म्हणाला. चंदना तोवर दुसऱ्या बाजूला जाऊन आकाशात काहीतरी बघत होती.

मामांचंही बरोबर होतं म्हणा. ते ठाण्याला एका ऑफिसात कारकून होते आणि ही पांढरी गाडी त्यांनी गेल्या दसऱ्यालाच कोणाकडून तरी वापरलेली घेतली होती. काचांना काळी फिल्म, पुढच्या लोखंडी गार्डवर दोन चकचकीत भोंग्यांचा हॉर्न, आणि सगळ्यात कौतुकाचं म्हणजे रिमोट! लांबून बटण दाबलं की टुक-टुक आवाज होऊन चारी दारांची कुलुपं एकदम लागायची, एकदम उघडायची. जव्हारच्या बाजारात मामांनी गाडी निष्कारण सहा-सात वेळा बंद करून उघडली होती. बघणारे कमी झाले तेव्हाच ते थांबले.

हर्षदा आणि भावेश ही जव्हारची भावंडं. त्यांचे वडील तिथे शाळेत शिक्षक. चंदना ही त्यांची मामेबहीण, मोखाड्याच्या पुढच्या पाड्यावर राहणारी. तिचे वडील सावळा म्हणजे तुळशीदासमामांचे धाकटे भाऊ. तेही आज बरोबर होते, पण फोटो, शेळ्या, हॉर्न यांतलं काहीच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते मागच्या सीटपाशी उभे राहून पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या एका मोठ्या वस्तूची गाठ पुन्हा पुन्हा तपासत होते.

त्या कापडात नरसिंह होता.

मामांच्या पाड्यावर वैशाखात बोहाडा असतो. देवादिकांचे मोठमोठे मुखवटे चढवून, संबळ आणि पिपाणीच्या तालावर गावकरी नाचतात. त्या मुखवट्यांना सोंगं म्हणतात, आणि कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे ठरलेलं असतं. नरसिंहाचं सोंग मामांचे वडील पुंजाआजा यांच्या घराकडे होतं. आजांच्या आजापासून. यंदा ते जव्हारच्या चिताऱ्याकडून नव्याने रंगवून आणलं होतं. लाल जीभ, पिवळी आयाळ, कपाळावर बेगड, आणि डोळ्यांच्या जागी गोल आरसे.

हा नवा रंग उगाच नव्हता. मागच्या पावसाळ्यात चंदनाची धाकटी बहीण हिरी तापाने फणफणली होती. ओहोळाला पूर आला होता. सावळामामांनी तिला झोळीत घालून, छातीभर पाण्यातून पलीकडे नेऊन दवाखाना गाठला होता. त्या पाण्यात उभं असताना ते नरसिंहाला म्हणाले होते, "पोर वाचू दे. तुला नवा रंग देईन आणि येत्या बोहाड्याला मी स्वतः नाचेन." हिरी वाचली. आता तर ती इतकी बोलायची की सगळे कानांत बोटं घालायचे. नवस फेडायचा दिवस उद्याचा होता.

*

पाड्यावर पोचेपर्यंत दिवस मावळला होता. जिथे रस्ता संपतो तिथे, मोहाच्या झाडाखाली, मामांनी गाडी लावली. मुलं मामीच्या हातची नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खायला पळाली. मोठी माणसं गाडीपाशी बराच वेळ काहीतरी बोलत राहिली.

मुलांचं जेवण होत आलं तेव्हा पुंजाआजा ओट्यावर येऊन बसले. "तुळशा, दिवा लावलास ना?" त्यांनी विचारलं.

"लावलाय, बाबा. सकाळपर्यंत विझायचा नाही," मामा हात धुता धुता म्हणाले.

तेवढ्यात हिरी बाहेरून धावत आली. "नरसिंहाचं डोळं चमकतात!" ती धापा टाकत म्हणाली. "गाडीत. मी काचेला नाक लावून बघितला. तो माझ्याकडं बघतंय!"

"कापडातून कसा बघील गं?" सावळामामा हसले.

"कापड सरकलाय. एक डोळा बाहेर हाय."

सगळे हसले. हिरीने गेल्याच आठवड्यात कोंबडीला मराठी समजतं असं शपथेवर सांगितलं होतं, त्यामुळे तिच्या बातम्यांना फारसा भाव नव्हता. ती रागावून आजांच्या मांडीवर जाऊन बसली आणि बसल्या बसल्याच झोपली.

*

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तशी पाड्यावर गडबड उडाली. आदल्या रात्रीपासून चाललेली मांडवाची बांधणी पुरी झाली. रात्री नाचणारी सगळी सोंगं दिवेलागणीच्या आधी देवळात ओळीने मांडायची, त्यांची पूजा व्हायची, आणि मगच ती नाचायला बाहेर पडायची. पूजेला जे सोंग नाही ते त्या वर्षी नाचत नाही. याला कोणाचीच सवलत नव्हती.

सावळामामांनी सकाळपासून उपास धरला होता. अंघोळ करून, नवं धोतर नेसून ते गाडीपाशी आले. तुळशीदासमामांनी हात लांब करून रिमोटचं बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

मामांनी पुन्हा दाबलं. मग जवळ जाऊन दाबलं. मग रिमोट शर्टाला पुसून, फुंकर मारून दाबलं. गाडी ढिम्म.

"दादा, चावीन उघड ना," सावळामामा म्हणाले.

मामांनी दाराच्या भोकात चावी घातली. ती अर्धीच आत गेली. त्यांनी वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दसऱ्याला गाडीची पूजा करताना ठाण्याच्या मामींनी हळद, कुंकू आणि तेलाचं बोट नेमकं कुलपाच्या भोकावर मोठ्या भक्तीने टेकवलं होतं. त्यावर सगळ्या रस्त्यांची धूळ बसून आत आता दगड झाला होता. रिमोट असल्यामुळे त्या भोकाशी कोणाचा कधी संबंधच आला नव्हता.

"जोर लाव," कोणीतरी म्हणालं.

"चावी मोडली तर? मग गाडी सुरू कशाने करू?" मामा घामाघूम झाले होते. "आणि काल तर चांगली चालत होती! भावेश! इकडे ये. काल तू आत डोकं घातलं होतंस. कशाकशाला हात लावलास?"

"फक्त हॉर्न, मामा."

"फक्त हॉर्न कसा? काहीतरी खेचलं असशील. एखादी तार तुटली असेल. सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून?"

सगळ्यांच्या नजरा भावेशवर. त्याचे कान लाल झाले. काल त्याला भरीला घालणारी चंदना पुढे होऊन म्हणाली, "काका, मीच त्याला दाब म्हणाली." पण मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते मोबाईल उंच धरून रेंज शोधत होते. इथे रेंज कधीच नसे. जव्हारहून कारागीर बोलवावा तर निरोप न्यायलाच एसटी हवी, आणि ती सकाळीच गेली होती.

"काच फोडा," एक तरणा गडी दगड उचलून म्हणाला.

"ठेव तो खाली," पुंजाआजा म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण दगड लगेच खाली गेला. "आत देव बसलाय. पूजेच्या आधी त्याच्यावर दगड घालायचा? नाय. नाचायचा राहिला तर राहिला."

सावळामामा काळ्या काचेवर दोन्ही हात ठेवून आत बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "पोर दिली त्यानं. अन् मला साधा त्याला घेऊन नाचता नाय आला."

हे भावेशने ऐकलं. तो वळून सरळ ओढ्याच्या दिशेने चालू लागला.

*

हर्षदा आणि चंदनाने त्याला बांधाजवळ गाठलं. हिरी त्यांच्या मागोमाग दुडदुडत आली.

"मी काही खेचलं नाही," भावेश म्हणाला. "खरंच नाही."

"माहीत आहे," हर्षदा म्हणाली. ती नववीत जाणार होती आणि तिला गोष्टी पहिल्यापासून नीट मांडायची सवय होती. "हॉर्न वाजवल्यानंतर आपण गाडीत बसून इथपर्यंत आलो. तेव्हा गाडी धडधाकट होती. मामांनी इथे आल्यावर टुक-टुक करून बंद केली, तेही मी ऐकलं. म्हणजे जे झालं ते रात्रीत झालं. तू तेव्हा घोरत होतास."

"मी घोरत नाही."

"कोंबड्यासुद्धा उठल्या होत्या," चंदना म्हणाली. भावेशला हसू आलं नाही, पण तो बांधावर बसला तरी.

"रात्रीत गाडीजवळ कोण गेलं होतं?" हर्षदाने विचारलं.

"मी," हिरी म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी सांगितला ना तुम्हाला. नरसिंहाचा डोळा चमकत होता. तुम्ही हसलात." हिरीचा राग अजून गेला नव्हता.

हर्षदा तिच्यासमोर उकिडवी बसली. "हिरे, आता नाही हसणार. तू गेलीस तेव्हा बाहेर काळोख होता का?"

"काळोख होता."

"चांदणं? कंदील? कोणाची बॅटरी?"

"काय नव्हता. म्हणून तर मी भ्याली."

"मग काळोखात आरसा चमकेल कसा?" हर्षदा सावकाश म्हणाली. "आरशाला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर कुठून तरी उजेड पडावा लागतो. बाहेर उजेड नव्हता, म्हणजे तो..."

"आत होता!" भावेश उठून उभा राहिला.

"आज सकाळी मी परत गेली," हिरी म्हणाली. "तवा डोळा नाय चमकला. झोपला होता."

चौघंही धावतच आजांकडे गेली. आजा मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. हर्षदाने विचारलं, "आजा, काल रात्री तुम्ही मामांना दिवा लावायला सांगितलं होतं. कुठे?"

"सोंगापाशी," आजा म्हणाले. "रंगवून आणलेला सोंग आधी देवळात जातं, मग घरात. देवळात तर मांडवाचा पसारा. तुळशा बोलला, राहू दे गाडीत. मी बोललो राहू दे, पण देवाला काळोखात नाय ठेवायचा. दिवा पायजे. तो बोलला, लावतो."

"गाडीत तेलाचा दिवा?"

"तो मला काय ठाव? मी आपली समईच समजलो."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मखमली सीटकव्हर घातलेल्या गाडीत मामांनी तेलाचा दिवा लावणं कधीच शक्य नव्हतं. त्यांनी काय लावलं असेल हे आता उघड होतं.

*

"छताचा दिवा?" तुळशीदासमामा म्हणाले. "हो, लावला की. बाबांचं समाधान. एवढासा तर बल्ब!"

"मामा, माझा टॉर्च मी एकदा रात्रभर चालू ठेवला होता," भावेश म्हणाला. "सकाळी सेल संपले होते. तोही बल्ब एवढासाच होता."

मामांचं तोंड उघडलं. शिरपामाळावरच्या फोटोत उघडलं होतं तेवढंच.

"बॅटरी उतरलीय," हर्षदा म्हणाली. "कुलुपं उघडायला करंट लागतो आणि गाडीत तोच नाही. रिमोट हाका मारतोय, पण ऐकायला आत कोणी जागं नाही."

मामांनी भावेशकडे पाहिलं, मग आपल्या चपलांकडे. "बरं, बॅटरी उतरली. पण तिच्यापर्यंत पोचायचं कसं? बॉनेट उघडायची दांडी आत, आणि आपण बाहेर." ते मटकन दगडावर बसले. "माझ्याच हाताने झालं की हे."

संबळवाल्यांनी कातडं ताठ व्हावं म्हणून संबळ विस्तवावर शेकायला घेतला होता. त्याचा एक-दोनदा ढुम ढुम आवाज आला. ऊन मोहाच्या बुंध्यापर्यंत खाली आलं होतं. भावेश गाडीच्या पुढ्यात उभा राहून त्या दोन चकचकीत भोंग्यांकडे बघत होता. त्यांच्यामुळेच तर सगळी बोलणी खाल्ली होती.

आणि मग त्याला काहीतरी आठवलं.

"मामा, काल मी हॉर्न वाजवला तेव्हा चावी कुठे होती?"

"खिशात. आता ते कशाला उकरून काढतोस?"

"चावी नाही, गाडी बंद, तरी हॉर्न वाजला. म्हणजे हॉर्नला करंट चावीतून जात नाही. सरळ बॅटरीतूनच येतो. म्हणजे बॅटरीपासून निघालेली एक तार या भोंग्यापर्यंत आलेली आहे, आणि भोंगा बाहेर आहे!"

हर्षदाने त्याचा दंड पकडला. "ज्या तारेने करंट बाहेर येतो त्याच तारेने तो आतही जाईल. फक्त दुसरी बॅटरी पाहिजे."

"तुकाभाऊ!" चंदना एकदम म्हणाली, आणि कोणी काही विचारायच्या आत देवळाकडे पळत सुटली.

*

तुका म्हणजे गावोगावच्या जत्रांत लाउडस्पीकर लावणारा. दिवेलागणीला वीज जाणार हे रोजचंच असल्यामुळे तो आपला स्पीकर एका जाडजूड बॅटरीवर चालवायचा. आणि त्या बॅटरीवर त्याचा जीव होता.

"नाय, नाय," तो बॅटरीच्या पुढे हात पसरून उभा राहिला. "ही उतरली तर रात्री सोंगांची नावं कोण पुकारणार? मी तोंडानं?"

"तुकाभाऊ, नरसिंह आलाच नाही तर त्याचं नाव पुकारून काय करणार?" चंदनाने विचारलं.

तुकाने पसरलेले हात खाली घेतले.

"आणि गाडी सुरू झाली ना, की तिच्यावरच तुमची बॅटरी परत भरून देऊ," हर्षदा म्हणाली. "मामा शब्द देतील."

"मामा शब्द देतील का ते आधी मामाला विचारा," तुका पुटपुटला, पण त्याने स्पीकरच्या तारा सोडायला सुरुवात केली. सावळाने झोळीतून पोरगी नेली होती तेव्हा ओहोळाच्या अलीकडे दोरी धरून उभा राहिलेल्यांत तुकाही होता. त्याला फार समजवावं लागणार नव्हतंच.

बॅटरी दोन माणसांना उचलवेना अशी जड. चंदनाने घरातून कावडीचा बांबू आणला. दोराने बॅटरी मधोमध टांगली, पुढे तुका, मागे भावेश आणि हर्षदा, आणि चढावर मागून ढकलायला हिरी. ती बांबूला नुसती लटकत होती, पण तिला तसं सांगायची कोणाची छाती नव्हती.

गाडीभोवती आता सगळा पाडा जमला होता.

तुकाने भोंग्यामागची तार चाचपली. "दोन हायत. एक लाल, एक काळी."

"लाल बॅटरीकडून आलेली असणार," हर्षदा म्हणाली. "आमच्या प्रयोगवहीत... जाऊ दे. तुमच्या बॅटरीचं प्लस लालला लावा."

"अन् मायनस?"

"काळीला," भावेश म्हणाला.

तुकाने तार टेकवली मात्र.

पॅंऽऽऽ!

पाड्यावरची सगळी कुत्री एकदम भुंकू लागली. पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मागच्यांच्या अंगावर पडल्या. मामांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. तुकाने तार बाजूला घेतली आणि तो भावेशकडे बघत म्हणाला, "दार उघडायचा हाय का गाव उठवायचा?"

"थांबा, थांबा," हर्षदा डोळे मिटून विचार करत होती. "वाजला म्हणजे लाल बरोबर आहे. पण करंट भोंग्यातूनच फिरून तुमच्याकडे परत येतोय. गाडीच्या आत जातच नाही. मायनस काळीला नको. गाडीच्या बॅटरीचं मायनस कुठे जोडलेलं असतं?"

"बॉडीला," तुका म्हणाला. "सगळ्याच गाड्यांना. गाडीचा सगळा लोखंड म्हणजे मायनसच."

"मग लोखंडालाच लावा!"

चंदनाने दगडाच्या कडेने गार्डच्या बोल्टवरचा रंग खरवडला. तुकाने तिथे तार आवळली. या वेळी बारीकशी ठिणगी उडाली, पण भोंगा गप्प राहिला.

मामांनी रिमोट दाबला.

काही नाही.

"मला वाटलंच होतं," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. तिकडे देवळात पिपाणी सुरू झाली. एकेक सोंग डोक्यावर घेऊन माणसं देवळाकडे निघाली होती. सावळामामांनी एकदा तिकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"पुन्हा दाबा, मामा," भावेश म्हणाला.

मामांनी दाबलं. दाराच्या आतून अगदी बारीक आवाज आला. टिक. आत काचेजवळची कुलपाची खुंटी किंचित थरथरली आणि तशीच राहिली.

"हलली!" चंदना म्हणाली.

"वाईच थांबा," तुका म्हणाला. "गाडीची बॅटरी तहानेली हाय. आधी ती पिल, मग काम करील. तार बारीक हाय, घोट घोट जाणार."

थांबणं हे जगातलं सगळ्यात कठीण काम आहे, आणि ते त्या दिवशी सगळ्या पाड्याने केलं. भावेश तार धरून बसला होता. हर्षदा त्याच्याजवळ. हिरीने काचेला नाक लावलं होतं. पुंजाआजा काठी टेकत येऊन त्यांच्यामागे उभे राहिले. सूर्य डोंगराला टेकला.

"हिरे," आतल्या काळोखाकडे बघत हर्षदाने हळूच विचारलं, "काय दिसतंय?"

"डोळा उघडला," हिरी म्हणाली.

छताचा दिवा! तो कालपासून चालूच ठेवलेला होता. आता त्याच्यात निखाऱ्याएवढा उजेड आला होता आणि कापडातून बाहेर आलेला एक गोल आरसा लुकलुकत होता.

"मामा, आता!"

मामांनी डोळे मिटून बटण दाबलं.

टुक-टुक.

चारी दारांच्या खुंट्या एकदम वर आल्या.

असा आरडाओरडा झाला की देवळातली पिपाणी थांबली. सावळामामांनी दार उघडलं. नरसिंहाला दोन्ही हातांनी उचललं, रंग कुठे खरचटला नाही ना ते पाहिलं, आणि मग त्याच्या कपाळाला आपलं कपाळ टेकवलं. कोणी घाई केली नाही.

*

"भावेश," तुळशीदासमामा म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले, हे महत्त्वाचं. "तुझ्यावर उगाच आळ घेतला. चूक माझी होती आणि ओरडलो तुझ्यावर. तू काल तो हॉर्न वाजवला नसतास तर आज काय केलं असतं मी?"

"म्हणजे आता वाजवला तर चालेल?" भावेशने विचारलं.

"नाही," मामा म्हणाले. मग हसले. "परत जाताना. एकदाच. शिरपामाळावर."

मुलांनी दिलेला शब्द त्यांनी पाळला. बॉनेट उघडून तुकाने जाड तारांनी गाडी सुरू करून दिली आणि मामा आपल्या मखमली सीटवर, इंजिन चालू ठेवून, तुकाची बॅटरी भरत बसणार होते. पण आजांनी त्यांना हाक मारली. देवळापर्यंत सोंगाच्या पुढे दिवा धरून चालायचा मान घरातल्या मोठ्या मुलाचा असतो. आजांनी पेटवलेली समई त्यांच्यापुढे केली.

मामांनी समईकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले. "नको, बाबा. दिव्याचं काम माझ्याकडे नको. पोरांना द्या."

पाड्यावर एवढं हसू बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. आजाही हसले. मग त्यांनी समई भावेशच्या हातात दिली, आणि हर्षदा आणि चंदनाच्या डोक्यांवर हात ठेवला. "तुमचा उपकार झाला पोरांनो. देवानं पोर दिली होती, ते आम्हाला ठाव होता. त्याला त्याचा नाच तुम्ही दिलात." हर्षदाने वाकून आजांच्या पायांना हात लावला.

"अन् मी?" खालून आवाज आला.

"तू तर पहिली," आजा म्हणाले. "डोळा तूच बघितलास. आम्ही हसलो, ती आमची चूक."

हिरीने क्षमा केल्यासारखी मान हलवली.

सावळामामांनी सोंग चेहऱ्यावर चढवलं. पुढे भावेश समई घेऊन, वाऱ्याला हाताचा आडोसा करत. त्याच्या दोन्ही बाजूंना हर्षदा आणि चंदना. मागे संबळ. मोहाच्या झाडापासून देवळापर्यंतची ती वाट भावेश एरवी पळत जायचा, पण आज तो एकेक पाऊल जपून टाकत होता. दिवा एकदाही विझला नाही.

देवळाच्या पायरीशी, दिवेलागण व्हायच्या जरासं आधी, नरसिंह थांबला. त्याने आयाळ हलवली आणि तो हिरीसमोर वाकला, अगदी तिच्या उंचीपर्यंत. समईची ज्योत त्या दोन गोल आरशांत पडली.

"बघा," हिरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "डोळं चमकतात."

सगळ्यांनी पाहिलं. या वेळी कोणी हसलं नाही.

मुखवट्याच्या आतून सावळामामांचा आवाज आला, "तुझ्याकडंच बघतोय, हिरे."